चार टायरांची रीतसर खरेदी

४ जुलै, मंगळवार

ही संध्याकाळी घरी आली ती पांढरीफटक पडून. पर्स सोफ्यावर टाकली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "टेकडीच्या उतारावर गाडी घसरली. ब्रेक दाबला तरी थांबेना. समोर शाळेची बस होती, अहो! टायर पार गुळगुळीत झालेत. उद्याच्या उद्या नवे घाला."

मी शांतपणे विचारलं, "वेग किती होता?"

"आधी पाणी द्या," ही म्हणाली.

पाणी दिलं. पण उद्याच्या उद्या म्हणजे काय? चार टायर म्हणजे काय पालेभाजीची जुडी आहे, जाता जाता पिशवीत टाकायला? खोक्यांच्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळता सांभाळता माझे केस पिकले. गोंदाचा डबासुद्धा तीन ठिकाणचे दर मागवल्याशिवाय मी फाटकाच्या आत येऊ दिलेला नाही. बाहेर एक शिस्त आणि घरी दुसरी, असं माझ्याच्याने होणार नाही.

जेवताना समिती जाहीर केली. अध्यक्ष मी. तांत्रिक सदस्य हिचा धाकटा भाऊ. वापरकर्ता विभाग ही स्वतः, कारण गाडी हीच चालवते. ही फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर पेशंटच्या घरोघरी जाऊन त्यांचे गुडघे आणि खांदे हलवत असते, आणि त्यातले निम्मे पेशंट टेकडीपलीकडे राहतात. मी कारखान्याच्या व्हॅनने जातो, तीही त्याच टेकडीवरून. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण मी गाडी काढली की इमारतीचा वॉचमन आधी फाटकाचा खांब बघून घेतो, त्यामुळे मीच मोठ्या मनाने गाडी हिच्या हवाली केली आहे.

मग उद्दिष्ट लिहून काढलं. टायर स्वस्त असावेत आणि ओल्या रस्त्याला घट्ट धरणारे असावेत.

"हेच मी आल्या आल्या सांगितलं ना?" ही म्हणाली.

सांगितलं होतं, पण तोंडी. मागणी लेखी हवी, त्याखाली तारीख हवी, हे मी समजावून सांगितलं. हिने ताटं उचलली. मागणी मीच हिच्या वतीने लिहून घेतली आणि सहीची जागा मोकळी ठेवली.

७ जुलै, शुक्रवार

अर्धी रजा टाकून दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने माझा एकही प्रश्न पुरता ऐकला नाही. "गाडी आणा" हे दोनच शब्द त्याला येत असावेत. गाडी हिच्याकडे होती आणि ही टेकडीपलीकडे होती, पण ते त्याला सांगायची गरज वाटली नाही.

दुसऱ्या दुकानात मात्र ज्ञान मिळालं. टायर छतापर्यंत रचलेले होते, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांत गुंडाळलेले. मी एकेक लेबल वाचून काढलं. टायरच्या खाचा शोभेच्या नसतात. चाकाखालचं पाणी त्यांतून बाहेर फेकलं जातं. खाचा झिजल्या की पाण्याला वाट राहत नाही, मग चाक रस्त्यावरून न जाता पाण्यावरून जातं आणि ब्रेक असून नसल्यासारखा. रबर मऊ असेल तर ओल्या रस्त्याला धरतं पण लवकर झिजतं. कडक असेल तर टिकतं पण ओल्यात दगा देतं. लेबलवर ओल्या पकडीची श्रेणी दिलेली असते आणि किमतीचा तिच्याशी फारसा संबंध नसतो. तिथलाच एक मधल्या किमतीचा टायर श्रेणीत महागड्या टायरच्या वर होता.

"हाच घ्या, काका," दुकानदार म्हणाला. "तुमच्या गाडीच्या मापाचे चार आहेत. अर्ध्या तासात बसवून देतो."

काका! मी त्याच्याकडे ओल्या रस्त्यावरच्या पकडीची लेखी हमी मागितली. तो म्हणाला, कंपनीने छापलंय ना लेबलवर. मी म्हटलं, छापील वेगळं आणि लेखी वेगळं. त्यावर त्याने माझ्यासाठी चहा मागवला आणि स्वतः दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

तिसऱ्या दुकानात फक्त स्कूटरचे टायर निघाले. म्हणजे दर दोनच ठिकाणचे झाले. दोन दरांवर निर्णय घेता येत नाही, त्यामुळे प्रकरण पुढे ढकललं आहे.

११ जुलै, मंगळवार

तांत्रिक सदस्य जेवायला आला होता. मेहुणा फ्रिज दुरुस्त करतो आणि मत सगळ्यावर देतो. त्याने फोनवर मला काही चित्रफिती दाखवल्या. एक गोरा माणूस ओल्या मैदानात गाडी पळवतो, करकचून ब्रेक लावतो आणि खाली उतरून फीत पसरून अंतर मोजतो. माणूस मला फार आवडला.

"भाऊजी, टायरमध्ये काही नसतं," मेहुणा बोट चाटत म्हणाला. "सगळं हवेत असतं. हवा बरोबर भरली ना, की फाटका टायरपण धरतो."

"तू चालव मग उतारावरून," ही म्हणाली. "आज पुन्हा घसरली. मी हल्ली टेकडीला वळसा घालून जाते. त्यात रोज एक पेशंट सुटतो."

मी हिला घटनेची वेळ आणि ठिकाण लिहून द्यायला सांगितलं. ही उठून आत गेली. हिच्या घराण्यातच लिहायचा कंटाळा आहे. मेहुणाही बिलं तोंडीच सांगतो.

हवेचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यात बसला. हवा फुकट असते.

१५ जुलै, शनिवार

आज तिसऱ्या दरासाठी शेजारच्या गावातल्या दुकानदाराशी फोनवर बोलत होतो. माणूस तयारीचा होता, पण माझी प्रश्नावली लांबली. मध्येच ही बाहेरून आली आणि दारातूनच टायरबद्दल काहीतरी म्हणाली. कुठल्याशा दुकानात जाऊन आली म्हणे. मी हाताने 'थांब' अशी खूण केली. दर मागवणं चालू असताना वापरकर्ता विभागाच्या सूचना घेता येत नाहीत, त्याने दर फुटतात.

ही दोन वेळा "अहो" म्हणाली आणि मग "जाऊ दे" म्हणून स्वयंपाकघरात गेली. शेजारच्या गावातल्या माणसानेही थोड्याच वेळात फोन ठेवला. बहुतेक रेंज गेली असावी.

२१ जुलै, शुक्रवार

आठवडाभर पाऊस थांबलेला नाही, आणि एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. हिने टायरचं नाव काढलेलं नाही. टेकडीला वळसा घालणंही बंद झालं आहे. पूर्वीसारखी उतारावरूनच जाते आणि वेळेवर घरी येते, चक्क गुणगुणत. मी काही न बोलता बघतो आहे. समितीचं काम गंभीरपणे चाललंय हे एकदा दिसलं की माणसाची भीती आपोआप कमी होते. हवेचा दाब मी परवा पंपावर माझ्यासमोर नीट करून घेतला होता, त्याचाही परिणाम असणार.

२३ जुलै, रविवार

आजचा दिवस महत्त्वाचा. इमारतीच्या मागच्या गल्लीत प्रत्यक्ष चाचणी घेतली.

खडूने रेघ मारली तर पावसाने ती पुसली. मग माझ्या डाव्या पायातली चप्पल खूण म्हणून रस्त्यावर ठेवली. हिला म्हटलं, त्या टोकाकडून ये आणि चपलेपाशी आलीस की करकचून ब्रेक दाब. ही काच खाली करून म्हणाली, "अहो, पण हे टायर..." मी म्हटलं, चाचणी चालू असताना चालकाने बोलू नये. "ऐकून तर घ्या!" मी म्हटलं, नंतर.

हिने गाडी आणली आणि ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी! घसरणं नाही, डोलणं नाही. फीत धरायला मेहुणा आला नव्हता म्हणून पावलांनी अंतर मोजलं, तर चित्रफितीतल्या गोऱ्या माणसालाही मत्सर वाटावा असं. पुन्हा घेतली, पुन्हा तेच.

मग मी खाली वाकून टायर पाहिले. पोटामुळे वाकणं जमत नाही, त्यामुळे आजवर हे राहूनच गेलं होतं. खाचांत नाणं घालून पाहिलं तर नाणं जवळजवळ दिसेनासं झालं. एवढ्या खोल खाचा असताना टायर गुळगुळीत झाले म्हणणं म्हणजे अतिशयोक्तीचा कळस आहे. कडेला टायर बनल्याचा आठवडा कोरलेला असतो, पण अंक बारीक होते आणि चष्मा वर राहिला होता. एक दोष तेवढा आढळला. रबराला जागोजागी केसांसारखे बारीक तंतू फुटले आहेत. वयोमानाने रबर विरत चाललं असावं. पकडीवर त्याचा परिणाम दिसला नाही.

निष्कर्ष मी तिथेच, गल्लीत उभा राहून हिला सांगितला. जुन्या टायरांत योग्य हवा भरली तर नवे टायर घ्यायची गरज नाही.

हिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला वाटलं रडते आहे. पाहिलं तर हसत होती, इतकी की डोळ्यांतून पाणी. "चालेल," ही म्हणाली. "मग तर प्रश्नच मिटला." एवढी मोकळी हसताना मी हिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मनावरचं ओझं उतरलं की असं होतं.

२६ जुलै, बुधवार

चांगल्या कामाला वाट आपोआप मिळते. आमच्या व्हॅनच्या ड्रायव्हरने गेल्या महिन्यापासून टायरची तक्रार लावून धरली आहे. माणूस अबोल आहे, आठ वर्षांत "नमस्कार साहेब" यापलीकडे बोलला नसेल, पण आज खरेदी विभागाच्या दारात उभा राहून म्हणाला, "साहेब, चारी टायर गेलेत. उतारावर मला रोज पहिल्या गिअरमध्ये उतरावं लागतं. माणसं उशीर होतो म्हणून ओरडतात."

मी त्याला बसवलं आणि चाचणीची हकीकत सांगितली. तो खाली बघून ऐकत होता. मी त्याची समजूत काढली, म्हटलं, "माझ्या गाडीबद्दलही हीच तक्रार होती. हुबेहूब हीच."

दुपारी बसून टिपण लिहिलं: 'ओल्या रस्त्यावरील पकड, नवीन टायर खरेदी न करता.' साडेचार पानं झाली. मोठ्या साहेबांनी पहिली ओळ वाचली, शेवटची ओळ वाचली आणि खुर्चीतून उठून माझ्याशी हात मिळवला. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं. हात थोडा ओलसर होता.

३१ जुलै, सोमवार

टिपण फलकावर लागलं! साहेबांनी त्याखाली आदेश जोडला आहे. व्हॅनचे टायर सुस्थितीत असल्याचं खरेदी विभागाने तपासाअंती सिद्ध केलं असल्याने, पावसाच्या कारणाने उशिरा पोचणं यापुढे चालणार नाही. मी व्हॅनचे टायर तपासले नव्हते, हवा तेवढी भरून घेतली होती. पण तत्त्व एकच असल्यामुळे मी साहेबांच्या भाषेत दुरुस्ती सुचवली नाही.

लेखा विभागातल्या बाई व्हॅनमध्ये नेहमी माझ्या पुढच्या सीटवर बसतात. त्या मागे वळून म्हणाल्या, "बरं झालं बाई. कासवाच्या चालीने जाऊन जाऊन कंटाळा आला होता." दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या.

उतरताना ड्रायव्हरने विचारलं, "साहेब, नक्की ना?"

मी म्हटलं, "टिपण वाच."

"वाचलं, साहेब. दोनदा वाचलं."

घरी हिला हे सांगणार होतो, पण ही दमून लवकर झोपली.

९ ऑगस्ट, बुधवार

डाव्या हाताने लिहितो आहे. माझं अक्षर मलाच लागेल की नाही, कोण जाणे.

काल सकाळी व्हॅन उतारावर घसरली. खालच्या वळणावर भिंतीवर आदळली. लेखा विभागातल्या बाईंच्या दोन बरगड्या मोडल्या. ड्रायव्हरचा गुडघा गेला. माझं उजवं मनगट. बाकीच्यांना खरचटलं.

११ ऑगस्ट, शुक्रवार

आज जरा सावकाश लिहिता येतंय, म्हणून राहिलेलं लिहून ठेवतो.

परवा हॉस्पिटलमधून ही मला न्यायला आली. बाहेर धो धो पाऊस. त्याच उतारावरून आलो आणि गाडीने एकदाही पकड सोडली नाही. मला मनातून बरं वाटलं. मी म्हटलं, "बघ. जुने टायर, पण हवा बरोबर असली की कसे धरतात. व्हॅनचं काहीतरी वेगळंच बिघडलं असणार. ड्रायव्हरच चुकला असेल."

हिने गाडी कडेला घेतली आणि थांबवली. वायपर चालू होते.

"अहो, हे टायर नवे आहेत."

मी म्हटलं, कुठले?

"हेच, चारी. पंधरा तारखेला घातले. तुम्ही म्हणत होता ना, मधल्या किमतीचा आणि वरच्या श्रेणीचा, तेच. दारातून सांगितलं तर तुम्ही हात दाखवलात. गल्लीत सांगत होते तर म्हणालात, नंतर. मग मला इतकं हसू आलं की म्हटलं राहू दे, घरातल्या घरात गंमत आहे. तुम्ही ते कारखान्यात नेऊन लावाल हे मला काय ठाऊक?"

माझा पहिला प्रश्न होता, किती ठिकाणचे दर घेतलेस. हे मी इथे लिहितो आहे, कारण तो प्रश्न ऐकून हिचा चेहरा जसा झाला तसा मी आजवर पाहिलेला नाही. ही ओरडली असती तर चाललं असतं.

"तुमच्या पुढच्या सीटवरच्या बाईंना श्वास घेता येत नाहीये," ही म्हणाली आणि गाडी सुरू केली.

ते रबराचे केस नव्या टायरला असतात म्हणे. घरी येऊन मी मेहुण्याला फोन करून विचारलं. त्याला माहीत होतं.

१२ ऑगस्ट, शनिवार

साहेबांचा घरी फोन. ड्रायव्हरला निलंबित केलं आहे. चौकशी अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली, कारण टायरच्या विषयात कारखान्यात माझ्याइतका अभ्यास कुणाचाच नाही. साहेब म्हणाले, "फार खोलात जाऊ नका. टायर ठीक होते हे तुम्ही सिद्धच केलंय. म्हणजे उरला कोण? दोन ओळींत संपवा. आणि तुमच्या बढतीचा कागद माझ्या टेबलावर आहे, तोही संपवू."

मी "हो" म्हटलं. साहेबांना फोनवर दुसरं काही म्हणायची मला सवय नाही.

दुपारभर विचार केला. टिपणात मी कुठेही खोटं लिहिलेलं नाही. जे पाहिलं ते लिहिलं. नवे टायर जुने समजणं ही कुणाचीही होऊ शकणारी गोष्ट आहे. ड्रायव्हरचं निलंबन ही तात्पुरती बाब असते. त्याला दुसरीकडेही नोकरी मिळेल, गुडघा बरा झाल्यावर. हे सगळं मी हिला मुद्देसूद सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. माझा शर्ट आला तेव्हा तो हिने घडी न घालता बाजूला ठेवला.

१३ ऑगस्ट, रविवार

ड्रायव्हरचा जबाब घ्यायला त्याच्या घरी गेलो. हीच घेऊन गेली. हिला तिथे जायचंच होतं; त्याच्या गुडघ्याचे व्यायाम हिने परवापासून अंगावर घेतले आहेत, फी न घेता. मला हे तिथे गेल्यावर कळलं.

दोन खोल्या. तो पलंगावर, पाय उशीवर. त्याची बायको दाराशी उभी होती, तिने मला बसा म्हटलं नाही, हिला मात्र खुर्ची दिली. मी उभ्यानेच विचारलं, उतारावर वेग किती होता.

"नेहमीपेक्षा जास्त होता, साहेब," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू."

मी ते लिहून घेतलं. दोन ओळींपैकी एक ओळ झाली होती.

"का होता?" हिने विचारलं. चौकशीत तिसऱ्या माणसाने प्रश्न विचारू नये, पण हिच्या हातात त्याची टाच होती.

तो कोपरावर टेकून जरा उठला. मग म्हणाला, "ताई, आठ वर्षं मी ती गाडी चालवतोय. पावसात तो उतार मी पहिल्या गिअरमध्येच उतरलो. शिव्या खाल्ल्या पण तसाच उतरलो, कारण चाक सुटतंय हे मला बुडाखाली कळतं. मग साहेबांचा कागद लागला. मी तो वाचला. मला वाटलं, आपणच भित्रे झालोय. साहेब एवढे शिकलेले, त्यांनी पावसात उभं राहून मोजलंय, ते चुकीचं कसं लिहितील? चाक सुटत होतं साहेब, आठवडाभर मला कळत होतं. मी मनाला म्हणायचो, गप बस, कागद आहे ना."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो मला समजावून सांगत होता.

मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर मी कागद लिहिले. साहेब ते पहिल्या आणि शेवटच्या ओळीपुरते वाचतात, लेखा विभाग बेरीज बघतो, ही तर बघतच नाही. मी लिहिलेला कागद कुणी दोनदा वाचावा, आणि स्वतःच्या अंगाला कळलेलं बाजूला ठेवून त्यावर विश्वास ठेवावा, असं कधी झालं नव्हतं. ज्याने ठेवला त्याचा गुडघा उशीवर होता.

पुढचे प्रश्न मी विचारले नाहीत.

१६ ऑगस्ट, बुधवार

अहवाल पूर्ण केला. दोन ओळींत बसला नाही.

लिहिलं ते असं, की चालकाचा दोष नाही. व्हॅनचे चारही टायर झिजलेले होते आणि चालकाने तशी तक्रार वेळेवर केली होती. टायर न बदलण्याची शिफारस प्रस्तुत अधिकाऱ्याने केली. त्या शिफारशीमागची चाचणी, अधिकाऱ्याच्या नकळत, नव्या टायरांवर झालेली होती. व्हॅनच्या टायरांकडे अधिकाऱ्याने वाकून पाहिलं नव्हतं. पावसात उशीर न करण्याचा आदेश या शिफारशीवर आधारून निघाला. खाली सही. डाव्या हाताची असल्यामुळे ती माझी वाटत नाही, म्हणून शेजारी नावही लिहिलं.

नेहमी मी आधी कच्चा मसुदा साहेबांना दाखवतो, ते निळ्या पेनने खुणा करतात, आणि मग पक्का होतो. या वेळी डाव्या हाताने एकदाच लिहिताना नाकीनऊ आले, दोनदा लिहिणं शक्य नव्हतं. त्यामुळे कच्चा असा काही झालाच नाही. सरळ जावक क्रमांक टाकला, प्रती काढल्या आणि पाकिटं रवाना केली.

साहेबांची प्रत साहेबांना दुपारच्या जेवणानंतर मिळाली. बोलावणं आलं.

"हे काय लिहिलंय? मागे घ्या."

"जावक क्रमांक पडला, साहेब."

"मग खोडा तो!"

"खोडता येत नाही, साहेब. क्रम तुटतो. आणि प्रती गेल्या."

"कुणाला?"

मी सांगितलं. मुख्य कार्यालय, विमा कंपनी, कामगार संघटना, लेखा विभागातल्या बाई जखमी म्हणून, आणि ड्रायव्हर संबंधित व्यक्ती म्हणून.

साहेबांनी निळ्या पेनला टोपण लावलं. "विमा कंपनीलासुद्धा?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

मी म्हटलं, पद्धत आहे.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

ड्रायव्हरचं निलंबन मुख्य कार्यालयाने मागे घेतलं. गुडघा बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळणार. पावसात सावकाश चालवण्याचा आदेश लागला आहे. तो लिहायला मला सांगितलं नाही. व्हॅनला चार नवे टायर आले, एका दुपारी, एका फोनवर, दर न मागवता. मला ते बघवलं नाही, पण वाकून बघितले. केस आहेत.

बढतीचा कागद संपला तो वेगळ्या अर्थाने. सोमवारपासून माझं टेबल गोदामात आहे, गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या खोक्यांच्या विभागात. तिथे खरेदी अशी काही नसते. लेखा विभागातल्या बाई पट्टा बांधून कामावर आल्या आहेत. त्या माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांना बोला म्हणायला मला तोंड नाही. ड्रायव्हरने मात्र निरोप पाठवला, कागद मिळाला, दोनदा वाचला म्हणून. तो ऐकून मला पुन्हा धडकी भरली.

संध्याकाळी ही मला कारखान्यावरून घ्यायला आली. पाऊस होताच. उतार उतरून खालच्या सिग्नलला गाडी थांबली.

"खरं सांगू?" ही म्हणाली. "मला वाटलं होतं तुम्ही त्याला अडकवणार. मी भांडायची सगळी तयारी करून ठेवली होती. कपड्यांची बॅगसुद्धा भरली होती."

बॅग मी पाहिली होती. मला वाटलं होतं, इस्त्रीला द्यायचे कपडे आहेत.

"आणि तुम्ही साहेबाला न विचारता सगळीकडे पाठवून मोकळे झालात," ही म्हणाली. "एवढी छाती तुम्हाला आहे हे मला माहीत नव्हतं हो." हिने हात गिअरवरून उचलून माझ्या प्लॅस्टरवर ठेवला आणि सिग्नल सुटेपर्यंत तो तिथेच होता.

त्या दिवशी पाकिटं बंद करताना माझ्यात छाती वगैरे आली होती, की हात नुसता सवयीने चालला, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. हिला मात्र मी काही खुलासा केलेला नाही.